रिव्हर्स कॅमेरा घ्यायचाय? आधी बादली घेऊन गाडीमागे जा

कॅमेरा कुठला घ्यावा हे कुणाला विचारायच्या आधी घरातली एक बादली घ्या, आंघोळीची साधी प्लास्टिकची, गाडी जरा मोकळ्या जागेत काढा आणि मागच्या बंपरपासून एक फुटावर ती बादली उलटी ठेवा. मग ड्रायव्हर सीटवर बसा, रोज बसता तसंच, उगाच मान उंच करून नाही, आणि तिन्ही आरशांत बघा, मागे वळून काचेतून बघा. बादली दिसणार नाही. आता घरातल्या कुणाला तरी सांगा की हळूहळू मागे सरकव, आणि जिथं पहिल्यांदा तिची कड दिसेल तिथं थांबवून टेपनं मोजा. आमच्या छोट्या हॅचबॅकला हे अंतर वीस फुटांच्या वर गेलं, मी दोनदा मोजलं कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना.

ह्या वीस फुटांसाठी आपण कॅमेरा घेतोय. भिंतीला बंपर घासू नये, पेंट वाचावा हे सगळं नंतरचं. दोन-अडीच वर्षांचं मूल उभं राहिलं तरी जेमतेम तीन फुटांच्या आसपास असतं आणि खाली बसलं तर बादलीपेक्षा थोडंसंच उंच.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं लिहितेय त्याला कारण आहे. आम्ही नाशिकला पंचवटीत जुन्या वाड्याच्या बोळात राहतो, गाडी बोळातच लावतो आणि सकाळी रिव्हर्स घेतच बाहेर काढावी लागते. गेल्या गणपतीत माझ्या जावेची अडीच वर्षांची मुलगी गाडीमागे बसून खडूनं रेघोट्या मारत होती. मी आरसे बघितले, रिव्हर्स टाकला, गाडी जेमतेम हलली असेल आणि सासूबाई ओट्यावरून ओरडल्या म्हणून ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर एक खडू टायरखाली चुरा झालेला आणि पोर तिथून दीड हातावर, हातात दुसरा खडू. आणि गाडीला कॅमेरा होता बरं का. सातशे रुपयांचा, ऑनलाइन मागवलेला, पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी जाऊन त्याच्या काचेनं धुकं धरलं होतं, स्क्रीनवर नुसता पांढरट ढग दिसायचा आणि आम्ही आज बदलू उद्या बदलू करत होतो. त्या दिवसानंतर मी एकेक गोष्ट विचारून, दुकानात बघून, रात्री पार्किंगमध्ये तपासून दुसरा घेतला, तर ते सगळं इथं सांगते.

अमेरिकेत मे २०१८ पासून सगळ्या नव्या कारना मागचा कॅमेरा कायद्यानंच सक्तीचा आहे आणि तिथल्या नियमात दोन मापं दिलेली आहेत, गाडीच्या मागे दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब एवढी जागा स्क्रीनवर दिसली पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र आलं पाहिजे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही, म्हणून बेस मॉडेल घेतलं की टूं टूं मिळतं पण चित्र मिळत नाही. तर ही दोन मापं आपण आपल्या कॅमेऱ्याला लावायची, पुढे फिटिंगच्या वेळी सांगते कशी.

आणि ज्यांच्याकडे सेन्सर आहेत त्यांनी ते काढू नका किंवा बंद करू नका. सेन्सर आवाजाच्या लहरींवर चालतात, भिंत छान ओळखतात, पण बारीक लोखंडी पाइप, तारेचं कुंपण, बंपरच्या खाली राहणारा छोटा दगड किंवा कट्टा हे त्यांच्याकडून हमखास सुटतं. कॅमेऱ्याला हे दिसतं, पण कॅमेरा आवाज करत नाही, तुमचं लक्ष आरशात असेल तर तो काही तुम्हाला हाक मारणार नाही. दोन्ही असू द्या.

आता खरेदी. सगळे आधी कॅमेरा बघतात पण गाडं अडतं ते स्क्रीनवर, म्हणून आधी आपल्या गाडीत स्क्रीन कुठली आहे ते बघा. साधारण तीन प्रकार निघतात. कंपनीची स्क्रीन आलेली असेल तर काही मॉडेलमध्ये मागे कॅमेऱ्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायची खाच, तयार असतो आणि काहींमध्ये वेगळा अडॅप्टर लागतो, हे तुमच्या मॉडेलचं आणि व्हेरियंटचं नाव सांगून सर्व्हिस सेंटरला आणि बाहेरच्या ॲक्सेसरीवाल्याला असं दोघांनाही विचारा, कारण दोघांची उत्तरं वेगळी आली तर आणखी खोलात जावं लागतं. बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ असेल तर काम सोपं आहे. आणि स्क्रीनच नसेल, नुसता रेडिओ असेल, तर आतल्या आरशावर क्लिपनं बसणारा साडेचार-पाच इंची स्क्रीनचा आरसा मिळतो, म्हाताऱ्या माणसांना तो आवडतो कारण नजर नेहमीच्याच जागी जाते, फक्त दुपारच्या उन्हात त्यावर काहीच दिसत नाही असे पण आरसे असतात, तेव्हा दुकानाच्या बाहेर उन्हात धरून बघा.

मेगापिक्सेलचा आकडा डोक्यातून काढून टाका. सात इंची स्क्रीन बऱ्याचदा १०२४ बाय ६०० ची असते, त्यावर मोठ्या आकड्याचा काही फायदा दिसत नाही. विचारायचं ते हे, की कॅमेरा सीव्हीबीएस आहे का एएचडी. सीव्हीबीएस म्हणजे जुना ॲनालॉग सिग्नल, जुन्या टीव्हीसारखं चित्र, दिवसा चालून जातं पण संध्याकाळी सगळं भुरकट. एएचडी म्हणजे त्याचाच एचडी, जास्त स्पष्ट प्रकार, त्यात ७२० पी किंवा १०८० पी असतं आणि फरक डोळ्यांनाच कळतो, भिंतीच्या कडा, फरशीचे जोड, जमिनीवर पडलेली वायर सुद्धा. पण स्टिरिओला एएचडी कळलं पाहिजे. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा पर्याय उघडा, तिथं एएचडी लिहिलेलं दिसलं तर एएचडी घ्या, नसेल तर सीव्हीबीएसमधला चांगला घ्या, नाहीतर घरी येऊन काळी स्क्रीन आणि नो सिग्नल. आणि उलटंही होतं, एएचडी कॅमेरा बसवतात, सेटिंग सीव्हीबीएसवरच राहते, चित्र फाटल्यासारखं येतं आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देतो.

डिग्रीचं पण तसंच. खोक्यावर १७० लिहिलेलं असतं, तो आकडा बऱ्याचदा तिरका कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो, आडवं दिसणं त्याहून कमीच. शिवाय लेन्स जितकी रुंद तितकी भिंत वाकडी दिसते आणि मागची वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते, हे धोक्याचं आहे. आमच्यासारख्या बोळात किंवा सोसायटीच्या दोन खांबांमध्ये गाडी लावायची असेल तर साधारण १३०-१४० च्या आसपासचं चित्र अंतराच्या अंदाजाला बरं पडतं. उलट कॉलेज रोडला तिरक्या पार्किंगमधून रिव्हर्स घेत रस्त्यावर यायचं असेल, बाजूनं स्कूटरवाले येतच असतात, तर रुंद लेन्स कामाची. तुम्ही रोज कुठं गाडी मागे घेता त्यावर ठरवा. सुट्टीच्या दिवशीचं नका धरू, रोजचं धरा.

आता अंधार. माझ्या मते निम्मा निर्णय इथंच आहे आणि दुकानात कुणीच हे दाखवत नाही कारण दुकानात ट्यूबलाइट असते. खोक्यावर लक्स म्हणून एक आकडा असतो, किती कमी उजेडात दिसतं त्याचा, कमी तेवढा चांगला असं म्हणतात, पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याभोवती चार-आठ एलईडी लावलेले असतात त्याला बरेच लोक नाइट व्हिजन समजतात, त्यांचा उजेड दोन-तीन फुटांच्या पुढे फारसा जात नाही आणि पावसात तोच उजेड थेंबांवरून परत लेन्समध्ये येतो. मागे खरा उजेड पाडतो तो गाडीचा रिव्हर्स लाइट. आमच्याकडे दोनपैकी एक बल्ब कधीचा गेलेला होता, तो बदलल्यावर चित्रात जो फरक पडला तो कॅमेरा बदलून सुद्धा पडला नसता! तर आधी दोन्ही बल्ब लागतात का बघा, काच घासून पुसा, मग कॅमेऱ्याचं बघू. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर संध्याकाळी सातनंतर जा, त्याला म्हणा दुकानाच्या मागच्या बाजूला अंधारात एकदा बॅटरीवर लावून दाखव. मी असंच केलं, तीन कॅमेरे लावले, एकात माझा काळा दुपट्टा आणि मागची काळी भिंत एकच दिसत होती, दुसऱ्यात नुसते ठिपके नाचत होते, तिसऱ्यात दुपट्ट्याची किनार दिसली. तोच घेतला, २,३०० रुपयांना, फिटिंग वेगळं.

पाण्याचं आमचं आधीच पोळलेलं होतं. खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ पाहिजे, त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि दुसरा आकडा पाण्याचा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालावं. ६९ के लिहिलेलं असेल तर प्रेशरच्या गरम पाण्याचा मारा पण धरलेला आहे, वॉशिंग सेंटरला गाडी धुणाऱ्यांना हे उपयोगी, पण खोक्यावर छापलं म्हणजे झालं असं नाही. कॅमेरा हातात घ्या आणि वायर जिथं आत जाते ती जागा बघा, तिथं रबराचं घट्ट सील आहे का नुसता गोंद ओतलाय. आमचा पहिला तिथूनच गेला. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी ह्यात हात आखडता घेऊ नका. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाच्या मळ्यात गाडी नेणाऱ्यांना दुसराच त्रास, थंडीत पहाटे लेन्सवर दव आणि वर माती, ते पुढे सांगते.

कुठं बसवायचा? नंबर प्लेटच्या वर, दिव्याच्या शेजारी ही सगळ्यात चांगली जागा, शक्यतो मध्यावर. काही गाड्यांना नंबर प्लेटच्या दिव्याच्याच खाचेत बसणारे कॅमेरे मिळतात, पत्र्याला भोक पाडायची गरज नाही, तसा मिळाला तर तोच घ्या. नंबर प्लेटच्या स्क्रूखाली पट्टी अडकवून बसवायचे जे मिळतात ते आता विसरा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची स्नॅप लॉक एकदा काढली की परत बसत नाहीत आणि प्लेट झाकणं किंवा भोक पाडणं हे तर नकोच. बंपरमध्ये खाली बसवलेला कॅमेरा चिखल खातो आणि लांबचं दाखवत नाही. बोलेरो, थार अशा डिकीच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांना दुकानदार कधी कधी एका कोपऱ्यात बसवून मोकळे होतात, मग अर्ध्या स्क्रीनवर टायरच, तेव्हा आधी चिकटपट्टीनं तात्पुरता लावून चित्र बघा आणि मग भोक पाडू द्या.

एक गैरसमज, डॅशकॅमच्या सेटमध्ये मागच्या काचेला आतून चिकटवायचा जो कॅमेरा येतो तो रिव्हर्स कॅमेरा नाही. तो मागची गाडी रेकॉर्ड करतो. बंपरजवळची जमीन त्याला दिसतच नाही, बादली ठेवून बघा.

वायरलेसबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच, वायरलेस का नाही घेतला. पहिली गोष्ट, वायरलेस म्हणजे फक्त चित्र हवेतून जातं, कॅमेऱ्याला करंट रिव्हर्स लाइटपासून द्यावाच लागतो, म्हणजे डिकीचं ट्रिम, आतलं प्लास्टिकचं आवरण, उघडावंच लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वस्तातल्या वायरलेसमध्ये चित्र जरा उशिरा येतं, सोसायटीत वीस घरांची वायफाय असली की अडखळतं सुद्धा. हिशोब करा, ताशी पाच किलोमीटर म्हणजे रिव्हर्सचा अगदी हळू वेग, तरी गाडी एका सेकंदाला जवळजवळ एक मीटर चाळीस सेंटिमीटर जाते. चित्र अर्धा सेकंद मागे असेल तर तुम्ही बघताय त्यापेक्षा गाडी आणखी सव्वादोन फूट मागे गेलेली असते, म्हणजे माझ्या पुतणीएवढं अंतर. ट्रक-ट्रॉलीसारख्या लांब गाडीला वायर ओढणं अवघड म्हणून लोक नाइलाजानं घेतात ते ठीक, पण कारला वायरवालाच घ्या.

आता फिटिंग, आणि इथं प्लीज घाई करू नका, शनिवारी संध्याकाळी दुकानात चार गाड्या रांगेत असताना तर नकोच. मी सकाळी दहाला दुकान उघडताना गेले आणि स्टूल घेऊन शेजारी बसले, फिटरदादा चांगले होते, विचारलं तसं दाखवत गेले. कॅमेऱ्याच्या लाल-काळ्या वायरी रिव्हर्स लाइटच्या १२ व्होल्टवर जातात. चित्राची वायर मागून पुढे स्टिरिओपर्यंत जाते आणि तिच्यासोबत एक बारीक लाल वायर असते ती ट्रिगरची, रिव्हर्स पडला हे स्टिरिओला तीच सांगते. ती जोडली नाही तर प्रत्येक वेळी हातानं कॅमेरा चालू करावा लागतो, मग चार दिवसांनी कुणीच करत नाही. काही नव्या गाड्यांमध्ये रिव्हर्स लाइटचा करंट सलग न येता तुकड्या-तुकड्यात येतो, त्यानं चित्र फडफडतं, तेव्हा मध्ये फिल्टर किंवा रिले लावतात, शंभर-दोनशेचं काम आहे, फडफड दिसली तर हेच आधी बघायला सांगा.

जॉइंट नुसते पिळून वर काळी टेप गुंडाळलेले चालवून घेऊ नका, सोल्डर आणि स्लीव्ह किंवा पाणी न जाणारा कनेक्टर मागा, एक छोटा फ्यूज पण टाकून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापायची नाही, कपलरला कपलर लागणारी हार्नेस, म्हणजे तयार वायरींचा जुडगा, मिळते का ते आधी विचारायचं. सीएनजी असेल तर सिलिंडर आणि त्याच्या पाइपापासून वायर लांब न्या आणि डिकीत सिलिंडरजवळ जॉइंट ठेवू नका. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते डिकीच्या दाराशी. दार आणि बॉडीच्या मध्ये एक रबराची घडीची नळी असते, गाडीच्या सगळ्या वायरी त्यातूनच जातात, आपली पण त्यातूनच गेली पाहिजे, त्याला वेळ लागतो म्हणून काही जण दाराच्या बीडिंगवरून, म्हणजे कडेच्या रबरावरून, तशीच दाबून नेतात, मग प्रत्येक वेळी दार आपटलं की वायर चेपते, पाणी पण तिथूनच आत येतं आणि सहा महिन्यांत चित्र गायब. वायरला थोडी ढील ठेवलीय का हे दार पूर्ण वर उघडून बघा. पत्र्याला भोक पाडलंच तर कडेला प्रायमर लावून भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी, बसवून घ्या, नाहीतर गंज धरतो.

पैसे द्यायच्या आधी तीन तपासण्या. एक, बादली गाडीच्या डाव्या बाजूला ठेवा, स्क्रीनवर पण डावीकडेच दिसली पाहिजे, उजवीकडे दिसली तर चित्र पुढच्या कॅमेऱ्यासारखं लागलंय. बहुतेक कॅमेऱ्यांच्या वायरीत दोन छोटे लूप असतात, एकानं चित्र उलटसुलट होतं आणि दुसऱ्यानं स्क्रीनवरच्या अंतराच्या रेषा चालू-बंद होतात, रंग प्रत्येकाचा वेगळा, तेव्हा सोबतचा कागद वाचून मगच लूप कापायचा. दोन, गाडी पूर्ण बंद करा, पाच मिनिटं थांबा, चालू करा आणि लगेच रिव्हर्स टाकून मनात मोजा, दोनच्या आत चित्र आलं पाहिजे. काही अँड्रॉइड स्टिरिओ जागे व्हायलाच वेळ घेतात, तसं असेल तर आता सांगा, घरी जाऊन उपयोग नाही. तीन, बंपरची कड स्क्रीनच्या तळाशी किंचित दिसते का. ती दिसली तरच अगदी जवळचं काही सुटत नाही, न दिसल्यास कॅमेरा थोडा खाली वाकवायला सांगा. त्याच वेळी वीस फुटांवर बादली पण दिसायला हवी.

स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांवर पहिल्या दिवसापासून विश्वास टाकू नका, त्या कारखान्यात कुठल्या तरी गाडीच्या मापानं आखलेल्या असतात, तुमचा कॅमेरा किती उंचीवर बसलाय हे त्यांना माहीत नसतं. मी काय केलं, रविवारी सकाळी बोळ मोकळा असताना बंपरपासून एक फूट, तीन फूट आणि सहा फुटांवर रांगोळीनं आडव्या रेघा मारल्या, दोन्ही बाजूला गाडीच्या रुंदीएवढ्या उभ्या रेघा, आणि सीटवर बसून स्क्रीनवर कुठली रांगोळी कुठल्या रंगावर येते ते बघितलं. आमच्यात लाल रेषा दोन फुटांवर आली, मला वाटलं होतं एक फूट. स्टिरिओमध्ये रेषा सरकवता येत असतील तर रांगोळीवर जुळवून घ्या, येत नसतील तर स्क्रीनच्या कडेला एक फुटाच्या जागी मार्कर पेननं ठिपका करा. घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना हे बसवून दाखवा. उतारावर हे अंतर बदलतं, चढ-उताराचं पार्किंग असेल तर तिथंच आखा.

आणि कॅमेरा आला तरी गाडीभोवती एक चक्कर मारूनच सीटवर बसायचं. तो मागचं दाखवतो, बाजूनं पळत येणारं पोर चित्रात येईपर्यंत गाडी हललेली असते. आमच्या घरात आता ठरलंय, रिव्हर्स घेताना मुलं ओट्यावर आणि कुणीतरी मोठं माणूस त्यांच्याजवळ.

निगा फार नाही. लेन्स मऊ ओल्या फडक्यानं पुसायची, आधी पाणी टाकून माती सोडवायची, कोरडं घासलं किंवा टूथब्रश लावला तर ओरखडे पडतात आणि रात्री चित्रातला प्रत्येक दिवा फुटल्यासारखा दिसतो. थंडीत दव पडतं तेव्हा निघायच्या आधी, पावसाळ्यात रोज. आमच्याकडे हे काम आता पुतणीनंच घेतलंय, फडकं घेऊन आधी ती तयार असते, मी तिच्या शेजारी उभी राहते आणि किल्ली माझ्या हातात असते.